बाप्तिस्म्याआधीचं वाचन

३ डिसेंबर, बुधवार
ताईचा फोन. बाळाचा बाप्तिस्मा जानेवारीच्या पहिल्या रविवारी, छिंदवाड्याला. "आईला घेऊन ये, रेणू." ताईने ख्रिस्ती घरात लग्न केलं, त्या लग्नाला आई गेली नव्हती. ताईच्या सासूला अजून 'त्या बाई' म्हणते. मेथी निवडताना विषय काढला. तिने जुडी संपवली. मग, "ते तिच्या सासरचे लुथरन म्हणजे नेमकं काय, वाचून काढ. तू खोटं बोलत नाहीस. ऐकून ठरवीन."
आईचं जाणं माझ्या वाचण्यावर.

६ डिसें., शनि.
मोबाइलवर दोन पुस्तकं सापडली. एक इंग्रजी, विद्वानांनी विद्वानांशी घातलेला वाद. दुसऱ्या पानावर अडकले. एक हिंदी, त्यात नुसत्या शिव्या. यातलं आईला काय सांगू?
संध्याकाळी चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात. दुकानदार म्हणाले, "ईसाई म्हणजे ईसाई, बेटा. साडी आहे का, डिझाइन बघून घ्यायला?" त्यांनी पुढे केलं त्याच्या मुखपृष्ठावर पोप. यांच्यात पोप नसतो, एवढं तोवर कळलं होतं. परत दिलं. चुकीचं वाचलं आणि तेच आईला सांगितलं तर...

९ डिसें., मंगळ.
ताईलाच विचारलं, तू काय वाचलंस? हसली. "मी कुठे वाचलं? सासूबाईंच्या बाजूला बसून ऐकलं." त्यांच्या चर्चमध्ये मुलांना शिकवायची एक हिंदी पुस्तिका असते म्हणे, प्रश्न आणि उत्तरं. सासूबाई स्वतःची पाठवतायत.
मुलांचं पुस्तक. आधी का नाही सुचलं.

१३ डिसें., शनि.
आली. पातळ, कडेला पेन्सिलीच्या खुणा. ठेवायची कुठे? देवघरात नको. कपाटात कपड्यांखाली तर मुळीच नको. शेवटी बाबांच्या फोटोखालच्या फळीवर. अंघोळ करून वाचायला बसले. पोथी नाही, माहीत आहे. तरी.

१४ डिसें., रवि.
फजिती. दम्यामुळे मी शाळेत उशिरा गेले, त्याआधी बाबांनीच घरी शिकवलं, पेपर मिलच्या ड्युटीवरून आले की. मोठ्याने वाचायचं, एक ओळ गाळायची नाही. सवय अजून तीच. एरवी शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटात कोणाला ऐकू जातं? आज लाइट गेली, माग एकदम थांबले, आणि माझा आवाज घरभर: "मैं विश्वास करता हूँ..."
स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं.
"रेणे, तूपण?"
"वाचतेय गं नुसतं."
"मग मनात वाच."
तव्यावरची पोळी करपली. दिवसभर तेच डोक्यात. तोंडाने म्हटलं म्हणजे कबूल केलं असं होतं का? आणि नुसतं वाचून टाकलं, तर तो त्यांचा अपमान? विचारू कोणाला.

१७ डिसें., बुध.
पुस्तिका सोपी आहे, हलकी नाही. कृपा कमवायची नसते, ती दिलेली असते. म्हणून ज्याने अजून काहीच केलं नाही अशा तान्ह्या बाळालाही. हे मला आवडलं. आवडलं म्हणून भीती वाटली.
आई रोज विचारते, "बारशासारखंच असेल ना गं?" हो म्हटलं की येईल. तिला हो ऐकायचंय. बाबांचा नियम होता, शेवटचं पान झाल्याशिवाय अर्थ सांगायचा नाही. त्या नियमाआड लपलेय. पानं थोडीच उरलीत.

२० डिसें., शनि.
संपली. बारशासारखं नाही. नाव ठेवणं त्यात नावापुरतं. बाळाच्या डोक्यावर ओततात ते पाणी, देवाच्या शब्दासकट, आणि त्यात देव स्वतः बाळाला आपलं म्हणतो, असं ते मानतात. आईला तसंच सांगितलं. मऊ केलं नाही.
आई म्हणाली, "तापीला तरी आपण नुसतं पाणी कुठे म्हणतो."
जीव भांड्यात पडणार तेवढ्यात, "पण मग लेकरू आपलं राहतं का?"
पुस्तिका पुन्हा पहिल्यापासून चाळली. धर्माबाहेरच्या आजीने विचारायचा प्रश्न त्यात नाहीच. तेही सांगितलं.
"तिच्या सासूचा नंबर दे."

२१ डिसें., रवि.
सकाळी आईने फोन लावला. पदर नीट केला आधी, जसं काही समोरच बसणार आहेत. "नमस्ते समधनजी." त्या बाई नाही, समधनजी, म्हणजे विहीणबाई. मग, "पानी तो गुनगुना, कोमट लेते ना? अपना पोरगा छोटा है, ऊपर से ठंड." पलीकडून लांबलचक उत्तर. मग आई फोन घेऊन गच्चीवर गेली, दार ओढून घेतलं. तो प्रश्न विचारला का, काय उत्तर आलं, माहीत नाही.
खाली आल्यावर एवढंच म्हणाली, "तिकडे थंडी जास्त असते म्हणे."
दुपारी तिने आपली जुनी, मऊ झालेली सुती साडी काढून उन्हात टाकली. बाळाच्या दुपट्यासाठी. स्वतः न्यायचं की नुसतं पाठवायचं, विचारायचा धीर झाला नाही.