मागच्या भिंतीजवळचं वळण

मुलुंड,
एप्रिलातला रविवार, दुपार

प्रिय शीतू,

पत्र बघून तू भलतंसलतं मनात आणशील, म्हणून आधीच सांगते. आम्ही दोघंही धडधाकट आहोत. फोनच केला असता गं, पण तुझ्या बाबांना ऐकू कमी येतं, म्हणून माझा फोनही ते स्पीकरवर टाकायला लावतात आणि शेजारी खुर्ची ओढून बसतात. तू मला विचारतेस, 'बाबा बरे आहेत ना?' ते मला सांगतात, 'शीतूला म्हणावं, जपून राहा.' दिवाळीपासून हेच चाललंय. आणि जे सांगायचंय ते फोनवर मला नीट सांगता येणार नाही. आज ते शेजारच्या प्रबुद्धच्या गाडीतून मरोळला गेलेत, बोगद्यासाठी पाइप कापून आणायला. ते यायच्या आत हे लिहून पाकीट चिकटवायचंय.

बोगदा कसला, ते तुला ठाऊक आहेच. पण पूर्ण ठाऊक नाही. प्रांजलने व्हिडिओ कॉलवर रिकाम्या परसाकडे बोट दाखवून 'आजोबा, इथे आगगाडी का नाही?' असं विचारलं, तेव्हापासून या माणसाला दुसरं काही सुचत नाही. कारखान्यातून रिटायर झाल्यावर हात रिकामे होते. आता सकाळी चहा घेतला की बाहेर. माझा रांगोळीचा डबा पळवला, त्यात चुन्याची फक्की भरली आणि परसभर पांढऱ्या रेघा मारल्या. स्वयंपाकघराच्या पायरीपासून निघायचं, चिकूला वळसा घालायचा, मोरीच्या पाण्यावरून पूल, पुढे बोगदा आणि मग मागच्या भिंतीजवळून मोठ्ठं वळण घेऊन परत. वळण लहान असलं की डबे रुळावरून उतरतात म्हणे, म्हणून माझ्या अबोलीचा अर्धा वाफा गेला. मी भांडले, तर म्हणाले, 'शकू, रेल्वेसाठी लोकांनी घरं दिलीत, तू चार झाडं देऊ शकत नाहीस?'

रुळांत करंट सोडायचा नाही, हे त्यांचं पहिल्यापासून पक्कं होतं. करंट म्हटला की वायरी आल्या, पावसाळ्यात ओल आली, चिकूची पानं पडली की रोज रूळ घासत बसायला आलं. म्हणून इंजिनाच्या पोटातच चार्जिंगची बॅटरी बसवली आणि हातात रिमोट. मध्ये भिंत असली तरी चालतो. इंजिनाचं वरचं पत्र्याचं खोकं त्यांनी स्वतः ठोकलं, निळा रंग दिला. पायरीपासून चिकूपर्यंत फळ्या टाकून थोडे रूळ लावले, तेवढ्यावर इंजिन पुढेमागे पळवत बसायचे. मलाही शिकवलं. 'ही फिरकी उजवीकडे, हे बटण शिट्टीचं. मी नसलो तर प्रांजलला कोण दाखवणार?' मी म्हटलं, तुम्ही कुठे चाललात? तर हसले.

शीतू, दिवाळीच्या सुट्टीत तू म्हणालीस ना, की हे डोंगराच्या कडेचं घर विका आणि चेंबूरला आमच्याजवळ या, आणि त्यावर ते तुला नाही नाही ते बोलले. 'तुला माझं घर नको असेल तर तू येऊ नकोस.' ती रात्र मी विसरले नाही. तेही विसरले नाहीत. चुकलो असं म्हणायला त्यांची जीभ वळत नाही, तुला माहीत आहे. मला वाटतं, त्याच्याऐवजी ते रूळ टाकतायत. मे महिन्यात तू हैदराबादला ट्रेनिंगला जाणार, सम्यकराव जहाजावर, आणि प्रांजल महिनाभर आमच्याकडे राहणार, हे ठरलं त्या दिवशी ते एकटेच परसात जाऊन बराच वेळ उभे होते. आत आले तेव्हा डोळे लाल. म्हणे, चुना गेला.

आता जे सांगायचं नाही असं त्यांनी मला बजावलंय, ते सांगते.

मार्चच्या शेवटी एका सकाळी भिंतीजवळच्या फक्कीत पंजे उमटलेले दिसले. मोठे, गोल. मी म्हटलं, अहो, हे बघा. त्यांनी वाकून बघितलं आणि झाडूने पुसून टाकलं. 'कुत्रा आहे. रेघ खराब केली साल्याने.' कुत्र्याच्या पंजाला पुढे नखं दिसतात, हे लहानपणापासून मला माहीत. इथे नखं नव्हती. पण मी चहाचे कप घेऊन आत गेले. त्या आठवड्यात गल्लीतली कुत्री कुठेतरी गेली. कोपऱ्यावरचा तो लंगडा पांढरा, ज्याला तू पोळी घालायचीस, तोही दिसेना. प्रबुद्धची बायको म्हणाली, किती शांत झोप लागते हल्ली. माझी उडाली होती.

वनखात्याचा एक माणूस कॉलनीच्या हॉलमध्ये येऊन बोलून गेला. बिबट्या दिसला तर पळू नका, वाकू नका, ताठ उभे राहा. उभ्या माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही, बसलेला माणूस त्याला लहान जनावर वाटतो. तुझे बाबा पहिल्या रांगेत होते, पण कानातलं मशीन घरी. 'शिट्टी मारतं' म्हणून लावतच नव्हते. काय ऐकलं, त्यांचं त्यांना ठाऊक.

त्यानंतरचा शनिवार. दिवेलागणीची वेळ, अजून उजेड होता. मी ओट्याशी भाकऱ्या थापत होते. खिडकीतून बाबा दिसत होते, मागच्या भिंतीजवळ उकिडवे बसलेले, पाठ भिंतीकडे, मोठ्या वळणाची रेघ सारखी करत. मी भाकरी तव्यावर टाकली, वर बघितलं, आणि भिंतीवर आधी मला शेपूट दिसलं. भिंतीच्या अलीकडे लोंबणारं, हळू हलणारं. मग बाकीचं. तो भिंतीवर पोट टेकून बसला होता, शीतू, आणि खाली बाबांच्या मानेकडे बघत होता. मध्ये अंतर किती? आपल्या दिवाणखान्याएवढंही नाही.

ओरडले तर त्यांना ऐकू जाणार नाही, आणि ओरडण्याने तो उडी मारेल की पळेल, कोण सांगणार? धावत गेले तर दार वाजेल. माझे हात पिठाने भरलेले. रिमोट ओट्यावरच होता, डब्यांच्या शेजारी, ते तिथेच टाकून गेले होते. मी विचार केला असं म्हणणार नाही. हात गेला. फिरकी उजवीकडे, पूर्ण. इंजिन पायरीपासून सुटलं आणि खडखडत चिकूकडे निघालं. मी शिट्टीचं बटण दाबून धरलं.

त्याने मान वळवली. कान मागे गेले. बघत राहिला, ते निळं काय येतंय म्हणून. बाबांना शिट्टी ऐकू आली नाही, पण फळ्यांची थरथर कळली असावी, किंवा हललेलं दिसलं. ते गुडघ्यावर हात देऊन उठले. उठायला त्यांना किती वेळ लागतो, तुला माहीत आहे. आधी एक पाय, मग कंबर, मग कण्हणं. तो सगळा वेळ तो त्यांच्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. बाबा ताठ उभे राहिले आणि घराकडे तोंड करून ओरडले, 'कोण चालवतंय? पाडशील ना!' इंजिन फळीवरून उलटून पडलं. भिंत रिकामी झाली. पलीकडे पाचोळा वाजला, एवढंच.

त्यांनी काहीच बघितलं नव्हतं. इंजिन उचलून घेत माझ्यावर भडकले. मी भिंतीकडे हात करून 'बिबट्या, बिबट्या' असं ओरडत होते. 'बिबट्या? आणि मला कळलं नसतं?' तव्यावरची भाकरी जळून घरभर धूर झाला होता. मग प्रबुद्धच्या कॅमेऱ्यात बघितलं. त्याचा एक कॅमेरा मागच्या बाजूला आहे. बाबांनी ते पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. घरी आल्यावर म्हणाले, 'शीतूला सांगायचं नाही. ती म्हणेल, बघा, मी सांगत होते.' आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता कानात मशीन घातलं.

वनखात्याची माणसं येऊन बघून गेली. मादी आहे. मागच्या झुडपात दोन पिल्लं आहेत. पिंजरा लावणार नाहीत; पिल्लं मोठी झाली की ती वर जंगलात जाईल. कधी, ते ती ठरवणार. तोवर संध्याकाळनंतर परसात जाऊ नका, दिवा लावा, पोरांना एकटं सोडू नका. मला तिचा राग येत नाही गं. आई आहे ती. पण रोज संध्याकाळी मी दाराची कडी ओढून बघते, आणि मग पुन्हा बघते.

आणि बाबांनी काम थांबवलं नाही. आता दुपारच्या उन्हात करतात, प्रबुद्धला उभं करून. म्हणतात, प्रांजल दुपारीच खेळेल. मीही मनाला तेच समजावत होते. काल मोठ्या वळणावर पहिल्यांदा गाडी पळाली. मागे दोन डबे. एकदाही उतरली नाही. बाबांनी रिमोट माझ्या हातात दिला आणि स्वतः भिंतीजवळ जमिनीवर पोटावर पालथे झाले, गाल मातीला लावून. 'शकू, ये ना, इथून बघ! अगदी खरी येतेय असं वाटतं!' इतके खूश होते की काय सांगू. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. ही गाडी उभ्याने बघायची नाहीच, शीतू. ती बघायची तर असंच बसायचं, असंच पडायचं. मोठा माणूस असा पालथा पडतो, तर सहा वर्षांचं लेकरू काय करेल? आणि 'आजोबा, एकदाच, अंधार नाही झालाय अजून' असं ती म्हणाली, तर या माणसाकडून नाही म्हणवेल?

म्हणून हे पत्र. प्रांजलला मे महिन्यात इकडे पाठवू नकोस. तुझं ट्रेनिंग चुकू द्यायचं नाही, मी तिच्याजवळ चेंबूरला येऊन राहीन. पण बाबांना इथे एकटं ठेवून मी येऊ शकत नाही. मशीन ते आज लावतायत, उद्या मी समोर नसले तर काढून ठेवतील, आणि वळण सारखं करायला बसतील. मी 'चला' म्हटलं तर येणार नाहीत. घर सोडायला लावलं असंच त्यांना वाटेल. तू म्हटलंस तर येतील. बिबट्याचं काढू नकोस, घर विकायचं तर अजिबात नको. नुसतं म्हण, 'बाबा, महिनाभर माझ्याकडे या, मला तुमची गरज आहे.' माझ्या फोनवर नको, त्यांच्या फोनवर कर. एवढ्या महिन्यांत तो फोन तुझ्या नावाने एकदाही वाजला नाही, आणि ते रोज संध्याकाळी चार्ज करून उशाशी ठेवतात. तू लहान आहेस, तू कमीपणा घे, असं मी म्हणत नाही. चूक त्यांची होती. तरीही तू कर. या आठवड्यात कर.

तुझीच,
आई