चौथ्या ओळीतला शब्द

सोमवार, १४ ऑक्टोबर

प्रिय टवाना,

तुम्ही सगळे खुशाल असाल, असं लिहिलं आणि खोडलं. तुझ्या आईला, मिस वर्निसला, जाऊन आज सतरा दिवस झाले. त्या घरात कोण खुशाल असणार? तू डेट्रॉइटहून आल्याचं चर्चमध्ये कळलं. गेल्या रविवारी तुमच्या दारात झाकून ठेवलेली भाजी आणि कॉर्नब्रेड माझी होती. बेल वाजवायचा धीर झाला नाही. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मी, पन्नाशीची बाई, चोरासारखी पळाले.

एकोणीस वर्षांनी लिहितेय, तर आधी इकडची खबर. बर्फाचा कारखाना पाडून बारा वर्षं झाली, तरी आपली माणसं अजून 'बर्फवाल्यापाशी डावीकडे वळ' असंच सांगतात आणि नवीन आलेले बिचारे गोल गोल फिरतात. मिस्टर ल्यूथरच्या न्हाव्याच्या दुकानात आता कॉफी मिळते. परवा शेजारी राहायला आलेल्या बाईने मला आपल्या गल्लीचं नाव शिकवलं. "डूबिनी नाही हं, डूबीन्याँ. फ्रेंच आहे ते." मी त्याच गल्लीत जन्मले, टवाना! आणि मी तिला काय म्हणाले? थँक यू म्हणाले. तू असतीस तर तिची तिथल्या तिथे जिरवली असतीस.

आपल्या टिनटॉप वस्तीचंही तसंच. पत्र्याची छपरं आपल्या जन्माआधीच गेली, नाव तेवढं राहिलं होतं. आता रुळाकडच्या बाजूला उंच इमारती आल्यात आणि पाटी लागलीय 'कॉटन रो'. नदीच्या पुलापलीकडे तसल्याच इमारती, त्यांची पाटी 'कॉटन यार्ड'. दोन्हीकडच्या कुणी कापसाचं बोंड पाहिलेलं नसेल.

मी अजून त्याच नोकरीत आहे. इमर्जन्सीचे फोन घेते. तुझ्या लग्नात तू मला सगळ्यांसमोर म्हणाली होतीस, "रेनिटा, तू बोलायला लागलीस की अंगणात सरकारी माणूस आल्यासारखं वाटतं." मी त्या दिवशी उठून गेले ते गेलेच. खरं सांगू? त्या आवाजासाठी मी फार कष्ट घेतले होते. आपल्या बोलण्याने तीनदा मुलाखतीत नापास झाले होते मी.

किती लांबण लावतेय बघ.

त्या दुपारचा फोन मीच घेतला होता. तुझ्या वडिलांचा, मिस्टर एझेलचा आवाज मी ओळखला नाही. मालगाडी चालली होती, खडखडाट होता, आणि दिवसभरात इतके आवाज कानावर पडतात. पण फोन शब्दन् शब्द आठवतो.

"आपत्कालीन सेवा. आपली अडचण काय आहे?"

"अगं बाई, लवकर या! माझी वर्निस पडलीय. डोळे फिरवलेत तिनं!"

"आपण नेमके कोठे आहात, सर?"

"इथंच की! टिनटॉपला, रुळापाशी—"

"अशी नोंद होत नाही, सर. कृपया अधिकृत ठिकाण सांगा."

आणि मग तो माणूस, ज्याने आयुष्यात कुणाला 'पोरी' आणि 'लेका'शिवाय हाक मारली नाही, तो मला म्हणाला, "माफ करा, मॅडम. आम्ही... पाटीवर कॉटन... आम्ही कॉटन यार्ड येथे आहोत, मॅडम."

येथे आहोत! मोठ्या घरात शिरण्याआधी माणूस बूट पुसतो ना, तसं त्यांनी माझ्यासाठी आपलं बोलणं पुसून घेतलं. बायको रस्त्यावर पडलेली असताना. त्या घाईत 'रो'चं 'यार्ड' झालं. फोनचं ठिकाण आमच्या नकाशावर एवढं मोठं वर्तुळ दाखवत होतं की नदीचे दोन्ही काठ त्यात बसत होते. मी कॉटन यार्ड टाइप केलं. गाडी पूल ओलांडून गेली. परत यायला अकरा मिनिटं लागली.

वर एक खोटं लिहिलंय. ते खोडत नाही, तुला दिसू दे. मी आवाज ओळखला होता. 'अगं बाई' म्हणाले तेव्हाच ओळखला. लहानपणी ज्यांच्या पोर्चवर मी तुझ्याबरोबर शेंगा सोलल्या, त्यांचा आवाज मी विसरेन? ते कॉटन यार्डला जाणार नाहीत, हेही मला माहीत होतं. "मिस्टर एझेल, मी रेनिटा. तुम्ही टिनटॉपलाच आहात ना?" एवढंच विचारायचं होतं. पण ते माझ्या त्या आवाजात निघत नाही. आणि माझ्या खुर्चीमागे ओहायोहून आलेले आमचे साहेब, कॅल्डर, कानाला यंत्र लावून माझे फोन ऐकत उभे होते. त्या दिवशी माझी तपासणी होती. टोपणनावं घ्यायची नाहीत, मनाने काही धरायचं नाही, सांगितलं तेवढंच टाइप करायचं, हा नियम. मी नियम पाळला. साहेबांनी पूर्ण गुण दिले.

तेव्हापासून प्रत्येक घंटी मी एकदा जास्त वाजू देते. आपल्याकडचं कुणी असेल, ही भीती असते. चर्चमधली सिस्टर ओडम सांगत होती, मिस्टर एझेल बोलतच नाहीत. कॉफी हवी तर बोट दाखवतात. एकदाच म्हणाले म्हणे, "पत्ता मी चुकवला. मीच मारलं तिला." हे ऐकल्यावर मी चर्चच्या पायरीवर खाली बसले.

गुरुवारी चौकशीची सुनावणी आहे. तुम्हाला पाठवलेल्या कागदावर त्या फोनचं सगळं बोलणं छापलंय. त्यात चौथी ओळ बघ. 'इथंच की,' आणि पुढे कंसात 'अस्पष्ट'. तो कागद दुसऱ्या कुठल्यातरी गावात बसून कुणीतरी तयार केला. चौकशी समितीत पाच माणसं आहेत, एकही इथलं नाही. गेल्या मंगळवारी त्यांनी ती टेप दोनदा लावली आणि मला विचारलं, हा शब्द काय आहे?

मी म्हणाले, ऐकू आला नाही.

खरं बोलले तर नोकरी जाईल. पुढे कोर्टकचेरीही होईल, आणि टिनटॉपमधून तोंड वर करून चालता येणार नाही. मला फार भीती वाटते, टवाना. पण नाही बोलले तर 'फोन करणाऱ्याने चुकीचं ठिकाण सांगितलं' एवढंच कायमचं कागदावर राहील, आणि मिस्टर एझेल ते मरेपर्यंत खरं मानतील.

त्यांना आजच सांग. हे वाचून संपायच्या आत उठून सांग, की तुम्ही ठिकाण बरोबर सांगितलं होतं, आधीच सांगितलं होतं, आणि समोरची बाई आपल्यातलीच होती.

माफी मागत नाही. तुझ्या दारातून पळणाऱ्या बाईवर भरवसा ठेवू नकोस. गुरुवारी त्या टेबलाशी बसल्यावर माझ्या तोंडून पुन्हा 'ऐकू आला नाही' निघालं, तर हा कागद त्यांच्यापुढे ठेव. म्हणूनच खाली नुसतं रेनिटा लिहीत नाही.

चौथ्या ओळीतला शब्द टिनटॉप आहे. तो मी ऐकला होता.

रेनिटा मे गॅडसन
ऑपरेटर क्रमांक ४१