बाकीच्या बायकांची बोटं

आई, तुझी बोटं मागानं वाकली असंच आपण सगळे धरून चाललो होतो. येवल्यात पैठणी विणणाऱ्या घरातली बाई, दिवसभर रेशमाच्या कांड्या भरणार. दुसरं कारण कोण शोधणार? मध्यंतरी माझीही मूठ सकाळी मिटेना. एके दिवशी औषधाच्या बाटलीचं झाकण उघडेना, तेव्हा ती घेऊन मी जिन्यात उभी राहिले, वरून कुणीतरी उतरेल म्हणून. बराच वेळ कुणी उतरलं नाही.

इथे नाशकात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून आमवात सांगितला. विचारलं, "घरात कुणाला होता?" मी म्हटलं, "नाही. आईची बोटं वाकली होती, पण ती मागामुळे." त्यांनी लिहायचं थांबवलं. "आणि मागावरच्या बाकीच्या बायकांची?" मला काकू आठवली. तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं तिनं कांड्या भरल्या, आणि तिची बोटं शेवटपर्यंत सरळ होती. हे रोज डोळ्यांसमोर होतं, आई. मग त्या म्हणाल्या, या आजाराचा कल रक्तातून येतो, पण सगळ्या लोकांत एकाच वाटेनं नाही. युरोपातल्या माणसांत जनुकाचं जे रूप धोका वाढवतं, त्याऐवजी जपानी माणसांत दुसरंच असतं. आपल्याकडच्या लोकांचा अभ्यास त्या मानानं कमी झालाय, म्हणून त्या इथल्या कुटुंबांचे नमुने गोळा करतात. मी रक्त दिलं. फॉर्मवर समाज, आईचं गाव, आईचा आजार असे रकाने होते. शेवटच्या रकान्यात मी आमवात लिहिलं. तुला कुणा डॉक्टरनं न सांगितलेलं नाव, तू गेल्यावर इतक्या वर्षांनी.

दहावीच्या पहिल्या पेपरची सकाळ आहे. तू माझ्यामागे बसली आहेस आणि केसांचे पेड तुझ्या हातातून पुन्हा पुन्हा सुटतायत. "बोटं उघडतच नाय गं. जरा थांब, उन्हात धरते." मी झटक्यानं उठते. "तुला करायचंच नसतं! सकाळी बरं दुखतं, दुपारी कसं दुखत नाही?" काकूसमोर बोलते. काकू माझ्या वेण्या घालते, आणि तू दोन्ही हात पदराखाली घेऊन आत जातेस. परवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सकाळी आखडणं हेच तर या आजाराचं लक्षण. मी त्यांच्यासमोर रडले. त्यांना वाटलं, मी माझ्या हातांसाठी रडतेय.

त्यांनी असंही सांगितलं की माझ्या मुलीला होईलच असं नाही, पण तिला कळलेलं बरं; सांधे दुखले तर ती लवकर दाखवेल, आता औषधं आहेत. काल तिचा पुण्याहून फोन आला. "आई, आवाज असा का?" मी म्हटलं, "सर्दी." खरं सांगू? हा कागद मी तिलाच लिहायला घेतला होता. पहिला शब्द तुझा लिहिला, कारण तू काही विचारणार नाहीस.