जर्मनी मित्र की शत्रू

वेतलुगा,
मार्च संपत आला (बर्फाचा नुसता चिखल)

माझी धाकटी बहीण कापितोलिना (आपली कापा) हिला थोरला भाऊ तीखोन याचे आशीर्वाद, आणि आपल्या रिवाजाप्रमाणे गालांवर तीन मुके. तुझा गुडघा, लेकीचा संसार, जावयाचा खोकला, सगळं ठीक असावं (जावई जर्मन असला तरी शेवटी खोकला तो खोकलाच). मी ठणठणीत आहे. माझी काळजी करू नकोस (करत असलीस तर).

तर झालं असं, की परवा दार वाजलं. आमचं दार हल्ली फक्त वाऱ्यानं वाजतं, म्हणून मी आधी उठलोच नाही. पुन्हा वाजलं तेव्हा उघडलं. बाहेर एक बाई, बूट ओलेकिच्च, काखेत कागदांचा गठ्ठा. फाइना गेनाद्येव्हना नाव. घरोघर जाऊन लोकांची मतं गोळा करण्याची नोकरी. म्हणाली, आजोबा, देशाबद्दल थोडं विचारायचंय, इथं उभ्याउभ्याच उरकू. मी म्हटलं, बाई, उंबऱ्यावरून आपण मीठसुद्धा कुणाला देत नाही, मत कसं द्यायचं? आत या. आणि एकदा आत आलेल्या माणसाला चहा आणि मुरंब्याशिवाय सोडायला मी काय रानटी आहे?

पहिला प्रश्न, लोकशाही हवी का. हवी, म्हटलं. तिनं खूण केली आणि पुढे सरकणार, तोच मी तिला अडवलं. कशी हवी ते नको का सांगायला? मतदानाच्या दिवशी शाळेत गाणी लावतात, कोबीचं सारण भरलेले पाव स्वस्तात मिळतात, आणि टेबलापाशी बसलेली बाई माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, मोठ्यानं वाचते. वर्षभर ते नाव कुणाच्या तोंडी येत नाही. निवडून कोण येतो ते ज्याचं त्याला ठाऊक. पण ही लोकशाही मला फार आवडते, आणि ती दरमहा व्हावी असं माझं मत आहे. त्याला कागदावर जागा नव्हती.

एवढ्यात समोरच्या घरातली आग्लाया आली (साखर मागायला, म्हणे, खरी आली ऐकायला. साखरेला कान असते तर तीही आग्लायाच झाली असती). न विचारताच खुर्ची ओढून बसली, चहाला मात्र नको म्हणाली.

“लोकशाही आली आणि लाकडाच्या गिरणीचा भोंगा बंद झाला,” ती म्हणाली. “मला नको ती. देशाला कणखर हात हवा.”

“कणखर हात तुझ्या नवऱ्याचा होता,” मी म्हटलं. “तेव्हा आमच्या न्हाणीघरात येऊन लपायचीस.”

“तो घरातला, तीखोन सावेलिच. मी देशाचं बोलतेय.”

पुढचा प्रश्न, जगानं आपल्याला भ्यावं की मान द्यावा. भ्यावं, आग्लाया म्हणाली. मी म्हटलं, आधी जगानं आपण जिवंत आहोत का एवढं तरी विचारावं. मग परक्या देशांची पाळी आली, मित्र कोण, शत्रू कोण. तुला माहीतच आहे, अंगणातल्या बाकावर बसून परक्या सत्तांना मी रोज झोडपतो. अमेरिकेला तर आमच्या नळाला पाणी आलं नाही तरी सोडत नाही. म्हणून सगळे देश झपाझप निकालात काढले. आणि जर्मनीपाशी अडलो.

तुझा रविवारचा फोन तिथूनच येतो, असं काही त्या बाईला कसं सांगणार? म्हणून म्हटलं, काही रविवारी जर्मनी मित्र असतो. दोन रविवार कोरडे गेले की नुसता ओळखीचा. महिना उलटला, की मला मागचं सगळं युद्ध आठवायला लागतं.

“आजोबा, असा रकाना नाहीये.”

“मग एक आखा.”

“‘सांगणं अवघड’ असं लिहिते.”

लिहा, म्हटलं, तेच खरं आहे. मग तिनं पाय शेगडीपाशी शेकले, तिसरा पेला घेतला, आणि रस्त्यावरचे दिवे लागले तेव्हा कुठे उठली. कापा, किती दिवसांनी पेले दोन विसळले.

पण पुढे माशी शिंकली. त्यांच्या कचेरीतून एका माणसाचा फोन आला. ती बाई खरंच घरी आली होती का, हे म्हणे ते पडताळून पाहतात. मी सगळं मोकळ्या मनानं सांगितलं, आणि त्यानं माझा कागद बाद केला. आग्लाया मध्येमध्ये बोलली ना, म्हणून. आता लोकशाहीबद्दल आणि परक्या सत्तांबद्दल माझं काय म्हणणं आहे ते या देशात कुणालाच ठाऊक नाही. असो. माझं उत्तम चाललंय. बाक वाळला की पुन्हा बाहेर बसेन.

तुझा दादा,
तीखोन

ता. क. कागद आग्लायामुळे बाद झाला असं वर लिहिलं ते तितकंसं खरं नाही, तिच्यावर उगाच आळ नको. त्या माणसानं शेवटी विचारलं, घरात माणसं किती? मी दोन म्हटलं. फाइनाबाईनं एक लिहिलं होतं (तिनं विचारलंही नव्हतं, घर बघूनच लिहिलं असावं). दुसरं कोण, म्हणाला. बहीण, म्हटलं, जरा बाहेर गेलीये. कुठे? जर्मनीला. कधीपासून? मी फोन ठेवला.

आणखी एक. उन्हाळ्यात आठ दिवस तरी येऊन जा. तुझ्या खोलीत मी बियाण्याचे बटाटे मोड यायला मांडलेत. येतेस असं कळवलंस तर लगेच उचलतो. नाही कळवलंस तरी हरकत नाही, मे महिन्यात ते लावायचेच आहेत.