नात्यातले भाडेकरू

अण्णा, मागच्या महिन्यात आपल्या दारावर महापालिकेची नोटीस चिकटवली. मी ऑफिसातून आले तेव्हा आई ओल्या फडक्याने ती सोडवत होती. "जाता येता लोक वाचायलेत," म्हणाली. लोकांच्या दारांवरही तीच नोटीस होती, पण तिला लाज आपल्या दाराची. नोटीस मामांच्या नावाने होती. घरकुल योजनेतलं घर लाभार्थ्याने स्वतः राहायचं असतं, भाड्याने द्यायचं नसतं. पाहणीत तिथे दुसरंच कुटुंब आढळलं, तेव्हा वाटप रद्द का करू नये याचा खुलासा करावा आणि घर रिकामं करून घ्यावं, असा मजकूर. आपलं नाव त्यात कुठेच नव्हतं. 'अनधिकृतपणे राहणाऱ्या व्यक्ती' एवढंच. माझं सगळं शिक्षण ज्या घरात झालं, त्या घराने आम्हाला दिलेलं हे पहिलं सरकारी नाव.

आपण राहायला आलो तो दिवस मला अजून दिसतो. टेम्पो खाली उभा आहे, लिफ्ट बंद आहे, तुम्ही आणि मामा कपाट उचलून चौथ्या मजल्यावर आणताय आणि प्रत्येक वळणावर एकमेकांना शिव्या देत हसताय. मामा तेव्हा मामा नव्हते, चाकणच्या कंपनीत पॅकिंगला तुमच्या शेजारी उभे राहणारे होते. नाल्याकाठची त्यांची वस्ती उठवली तेव्हा त्यांना हे घर मिळालं होतं. पण मामींच्या गुडघ्यांना जिना झेपेना, म्हणून ते दोघं मुलाला घेऊन चऱ्होलीला मामींच्या माहेरच्या खोलीत गेले. कपाट टेकवून ते माझ्यापुढे उकिडवे बसले.

"बाळे, कुणी इचारलं घर कुणाचं, तर काय सांगशील?"

"मालकांचं."

"न्हाई. मामाचं. मी तुझ्या आईचा भाऊ. आमी गावाकडं असतो म्हणून तुमी राहताय. म्हण बघू."

मी म्हटलं. तुम्ही घाम पुसत आईकडे बघितलंत आणि म्हणालात, "घ्या, कपाटासंगं मेहुणा पण आला वर." आई पदर तोंडाला लावून हसली. पुढे कळलं, या बिल्डिंगमध्ये निम्म्या घरांना असाच कुणीतरी मामा आहे, नाहीतर काका. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा मालक वयाने फारच लहान, म्हणून तो त्यांचा भाचा.

पाचवीत बाईंनी विचारलं होतं, घर स्वतःचं की भाड्याचं. मी भाड्याचं म्हणाले. ते फिरत फिरत तुमच्या कानावर आलं. तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत. जेवता जेवता ताट थोडं पुढे सरकवलंत आणि म्हणालात, "खरं बोलायला आधी स्वतःचं घर लागतं, बाई. ते झालं की बोल पोटभर." मला वाटलं होतं तुम्ही मला शाबासकी द्याल. त्या रविवारी तुम्ही कंपनीतल्या खोक्यांच्या फळ्या आणून मला टेबल करून दिलंत, स्वतःच्या पायांवर उभं राहणारं, कारण भिंतीला खिळा मारायचा नाही ही मामांची अट होती. ते टेबल म्हणजे समजूत काढणं होतं की नुसतंच टेबल, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही.

आणि मग तुम्ही गेलात. आईचे सख्खे भाऊ तेव्हा ऊसतोडीला दुसऱ्या राज्यात होते, तेराव्यापर्यंत पोचले नाहीत. माहेरची साडी आणायला कोणी नाही, म्हणून बायका आपसात कुजबुजत होत्या. तेवढ्यात मामा आले. मामींना हाताला धरून चारी मजले चढवत आणलं होतं. हातात साडी होती. ती त्यांनी आईच्या मांडीवर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यानंतर आईने त्यांना मालक म्हटलेलं मी ऐकलं नाही. भाडं ती दर महिन्याला देत राहिली आणि भाऊबीजेला ओवाळतही राहिली. दोन्हींत काही विसंगत आहे असं आम्हाला कुणालाच वाटलं नाही.

नोटिशीच्या आधी महापालिकेकडून पाहणीला आलेल्या दोघी माझ्याच वयाच्या होत्या, हातात टॅब. आई डब्यांसाठी कणीक मळत होती. हो, अण्णा, तुमच्यामागे तिने चाकणला जाणाऱ्या मुलांचे डबे सुरू केले. माझी फी याच ओट्यावरून गेली. तिने मान वर न करताच सांगितलं, "भावाचं घर आहे. आम्ही पाहुणे." तिला अडखळायलासुद्धा झालं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मीही मान डोलावली.

नोटीस आल्यावर मी चिंचवडच्या एका वकील बाईंकडे गेले, त्या शनिवारी फुकट सल्ला देतात. त्या म्हणाल्या, "भाडेकरू असाल तर म्हणणं ऐकल्याशिवाय कुणी तुम्हाला रस्त्यावर काढू शकत नाही. मालक पाणी, वीज तोडू शकत नाही. करार लेखी नसेल तर भाडेकरूचं म्हणणं आधी धरतात. योजनेच्या नियमापुढे हे किती टिकेल ते मी सांगत नाही, पण श्वास घ्यायला वेळ मिळेल." मग चष्मा काढून म्हणाल्या, "पण तुम्ही तर पाहुणे आहात. पाहुण्याला कायदा नसतो गं. पाहुणा उठून जातो."

मी पेटूनच परत आले. खाली पार्किंगमध्ये बायकांना गोळा केलं आणि सांगितलं, आपण सगळ्यांनी एकदम खरं सांगायचं, भाडं देतो म्हणून. समोरच्या काकूंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू ग्रॅज्युएट झालीस, आमचा मामा नाही झाला. त्याला कळलं तर उद्या माझी भांडी जिन्यात. तुझं खरं तुझ्यापाशीच ठेव." बाकीच्या हसल्या आणि दूध तापवायला निघून गेल्या.

नोटिशीवरच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी मामा आले. आईने चहा टाकला.

"पोरी, तू फकस्त भाची म्हण," ते म्हणाले. "इधवा बहीण आधाराला ठिवली, असं मी सांगतो. आता सोता राहायला येतो, असं लिहून देतो. घर वाचंल."

"आणि आम्ही?"

"तुमी बघा की कुठंतरी. आठवडाभर कोण काय म्हणत न्हाई."

"आठवड्यात दुसरा ओटा कुठून आणायचा, मामा? डबे बंद पडले की गिऱ्हाईक जातं."

"मग माझं घर घालवू? पोराचं लगीन ठरवतोय त्या घरावर. नाल्याकाठी माझा जल्म गेला, तवा मिळालंय."

त्यांचंही खोटं नव्हतं. आई म्हणाली, "भांडू नका. चहा निवायलाय."

दुसऱ्या दिवशी महापालिकेत अधिकारी आम्हाला आत घ्यायला तयार नव्हते, नोटीस आमच्या नावाची नाही म्हणून. मी दारातूनच म्हटलं, त्या घरात आम्ही राहतो, आमचं ऐकून घ्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मामांकडे बोट दाखवलं. "तुम्ही यांच्या कोण?"

मामा माझ्याकडे बघत होते. त्या दिवशी माझ्यापुढे उकिडवे बसले होते तसेच, आता म्हण, अशा नजरेने.

"भाडेकरू," मी म्हणाले.

आईने माझा दंड धरला. पिळलाच. अधिकाऱ्यांनी मामांना विचारलं, खरं का? त्यांना नाही म्हणता आलं असतं. कुठे काही लिहिलेलं नाही, पावती नाही. "व्हय," मामा म्हणाले. "भाडं देतात. कधी चुकवलं न्हाई."

आमचं म्हणणं लिहून घेतलं. आमची स्वतंत्र सुनावणी होईपर्यंत आम्हाला काढायचं नाही आणि पाणी, वीज तोडायची नाही, असा शेरा मिळाला. त्याच कागदावर खाली, मामांनी घर भाड्याने दिल्याचं कबूल केलं, सबब वाटप रद्द करण्याची कारवाई सुरू करावी, असंही लिहिलं होतं. मी मागितलेला हक्क मला मिळाला, आणि तो त्यांच्या घरातून कापून दिला होता.

बाहेर मामा चप्पल घालत होते. आईला म्हणाले, "मी जागा दिली तवा तुझ्या मालकानं माझ्या गळ्यात हात टाकला व्हता. पोरीनं कॉलर धरली. चांगली शिकवलीस." आणि जिना उतरून गेले. आई त्यांच्यामागे दोन पायऱ्या उतरली, थांबली, परत आली.

आता बिल्डिंगमधल्या बायका संध्याकाळी एकेकट्या येतात, दार लोटून घेतात आणि विचारतात, तू नेमकं काय म्हणालीस, कोणत्या शब्दांत. मी सांगते. तेच बरोबर आहे असं मला वाटतं, अजूनही. नियम गरिबासाठी केलेला, तोडणारा गरीब, आणि शिक्षाही गरिबालाच. हा पेच दोन गरिबांनी मिळून खोटं बोलून सुटणार नाही, असं मी त्यांना समजावते. माझा आवाज तेव्हा ठाम असतो. आई आत भाकरी थापत असते, ती माझ्याशी कामापुरतं बोलते. काल तिने मामांच्या फोनवर रिंग दिली. उचलला नाही.

हे लिहून मी कुठे पाठवणार आहे? पण एक गोष्ट आईला सांगता येत नाही, त्या बायकांनाही नाही. साहेबांनी विचारलं, तुम्ही यांच्या कोण, तेव्हा माझ्या ओठांवर आधी 'भाची' हाच शब्द आला होता, अण्णा, आणि तो पाठ केलेला नव्हता.