सत्तावीस पाण्यात

३ मार्च

चार दिवस वही उघडली नाही. लिहिलं की खरं होईल, म्हणून. पण मास्तरांचा सत्तावीस मी पाण्यात घालवलाय — अगदी खऱ्याखुऱ्या पाण्यात!

मास्तर, ज्यांच्या घरी मी कामाला राहतो, डोळ्याच्या ऑपरेशनला गेले. जाताना एकच काम सांगितलं, पिवळ्या पंखांच्या विमानावर डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं, लावून ठेव. दोन महायुद्धांच्या मधलं अमेरिकन लढाऊ विमान, वीतभर मॉडेल. पंखांवर निळ्या गोलात पांढरा तारा, ताऱ्याच्या पोटात लाल ठिपका. अंगावर काळा सत्तावीस. तारे नवे आहेत, सत्ताविसाचा कागद जुना. "त्याला आधी वार्निशचा हात, मग पाणी," दोनदा बजावलं. मी मान डोलावली.

मग कपाटात बिघडलेला रेडिओ दिसला. तो खोलून बसलो. (लागला! पण एकच स्टेशन.) वार्निश डोक्यातूनच गेलं. सत्तावीस बशीत सोडला आणि दुधावरची साय फाटावी तसा फाटला. मग नुसता चुरा.

४ मार्च

बशी झाकून ठेवलीय. झाकणाकडे बघवत नाही.

५ मार्च

चिमट्याने चुरा जुळवला. साताचा एक झाला.

मास्तरांचा फोन. पट्टी सुटली, परवा अकराला घरी. आल्या आल्या काय बघायचं ते ठरवलंय म्हणे. मग हळूच म्हणाले, "तो सत्तावीस पोरीच्या हातचा आहे. घर सोडून गेली, त्याच्या आदल्या दिवशीचा." सोळा वर्षं लावायचा धीर झाला नव्हता. आता नजरेचा भरवसा नाही, म्हणून काढला.

मी हो-हो केलं. फोन ठेवला आणि पिशवी भरायला घेतली. त्यात माझा हात बसलाय — सात गावं, सात नोकऱ्या, एकाही ठिकाणाहून सांगून निघालो नाही.

पिशवीखाली सत्ताविसाच्या कागदाचं जुनं पाकीट सापडलं. मागे मास्तरांच्या अक्षरात 'पोर', आणि फोन नंबर. दोनदा खोडलेला, तिसऱ्यांदा लिहिलेला. तिला मेसेज टाकला, सगळं खरं खरं. नवा काढून पाठवाल का?

६ मार्च

उत्तर नाही. मास्तरांना सांगायला दोनदा फोन लावला, दोनदा कापला.

७ मार्च

साडेदहा. पिशवी दाराशी होती, मी पायताण शोधत होतो, तेवढ्यात बेल! दारात मास्तर नाहीत. एक बाई — हातात शाईची बाटली, नाक हुबेहूब मास्तरांचं.

"बुडवणारा तूच का रे?"

टेबलाशी बसलीय. दोन काढलाय. सातला थांबलीय — म्हणते, त्यांना येऊ दे.