सरकलेली खूण

गेवराई,
मंगळवार, १९ ऑगस्ट २०२५

नाथादादा,

पाया पडतो. आईला आणि संगीतावहिनीला माझा नमस्कार सांग. मी बरा आहे. जेवतो, कामाला जातो, झोपतो. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मधेच बोलतोस, मग मी दुसरंच काहीतरी बोलत बसतो.

माझ्या खोलीखाली पंक्चरचं दुकान आहे. हायवेच्या ट्रकांनी दिवसभर भिंत हलते. दुकानवाला रोज विचारतो, "किती दिवस टिकनार हाय इथं?" त्याचंही बरोबर आहे. पुण्यात पार्सलं वाटायचं सोडलं, ढाबा सोडला, आयटीआयचं तर तुला माहीतच आहे. हे लसीकरण संस्थेचं काम तेवढं टिकलंय. त्याबद्दलच लिहायचं होतं.

संस्थेचा लॅपटॉप जुना. माऊस चालत नाही, रानात नेट नाही. म्हणून लसीच्या नोंदी ठेवायचं ॲप मी टर्मिनलमधलं बनवलं. काळा पडदा, त्यावर नुसती अक्षरं, बाण दाबत खाली-वर जायचं. त्यासाठी एक लायब्ररी मिळते. पुस्तकांची नाही, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेलं तयार सामान असतं. मी फोनवर व्हिडिओ बघून शिकलो. तिच्यात पडद्याला 'हे पूस, ते लिही' असं सांगावं लागत नाही. माहिती अशी असली तर पडदा असा दिसावा, एवढं एकदा लिहून ठेवायचं. माहिती बदलली की पडदा आपला आपण बदलतो. पहिल्यांदा चाललं तेव्हा मी अर्धा तास नुसता बाण दाबत बसलो होतो. वनमालाबाई मागं उभ्या होत्या. म्हणाल्या, "आता मला काम करू देतोस, का खेळतच बसतोस?"

हो, लस टोचणाऱ्या त्याच बाई. हे काम त्यांनीच मला मिळवून दिलं. हे तुला सांगितलं नव्हतं.

पडद्यावर एका बिऱ्हाडाची एक ओळ. त्या बिऱ्हाडाच्या मेंढरांना लस झाली की बाई एंटर दाबायच्या. ओळीपुढं हिरवी खूण, बाईंचं नाव आणि तारीख यायची.

आता नीट वाच. ती लायब्ररी सांगते की प्रत्येक ओळीला तिची स्वतःची ओळख द्या. मी नुसते नंबर दिले. पहिलं बिऱ्हाड, दुसरं, तिसरं. आपल्यात मेंढरांचा तळ पडला की तसंच बोलतात ना? "तिसऱ्या बिऱ्हाडाचं कुत्रं सुटलंय", "दुसऱ्या बिऱ्हाडात च्या टाकलाय". मला वाटलं, ओळख म्हणजे हीच. एक बिऱ्हाड उठून गेलं की नंबर बदलतात, हे आपल्याला सांगावं लागत नाही. मशीनला सांगावं लागतं.

जूनमध्ये नेकनूरच्या तळावर पहिलं बिऱ्हाड शिवशंकरमामाचं, दुसरं सुंदरबाईचं, तिसरं तुझं. सोमवारी वनमालाबाईंनी पहिल्या दोघांच्या मेंढरांना टोचलं आणि बर्फाच्या डब्यातली लस संपली. तुझी गुरुवारी दुसऱ्या गाडीनं करायची ठरली. मंगळवारी मामा मेंढरं घेऊन पुढं गेला, म्हणून मी ऑफिसात त्याची ओळ काढली. सुंदरबाई पहिली झाली, तू दुसरा. खुणा मात्र जागच्या जागी राहिल्या, पहिल्या आणि दुसऱ्या नंबरला. तुझ्या नावापुढं हिरवं आलं, बाईंच्या नावासकट. गुरुवारच्या गाडीवाल्यांनी ते हिरवं बघितलं आणि ते तळावर न थांबता गेले.

त्याच दिवशी तुझा फोन आलता. तुला आठवत असेल. मला शब्दनशब्द आठवतो.

"सोम्या, लस कावून आली न्हाई बे?"

"सोमवारीच झालीय की. तू युसूफ वडगावला बाजाराला गेलतास ना, तवा."

"संगीता म्हनती, आपल्याकडं कुनीच आलं न्हाई. आई म्हनती, गाडी आलती."

"आईचं बराबर हाय. हितं हिरवं दिसतंय, दादा."

मग तू हसलास आणि वहिनीला म्हणालास, "आगं, त्यानं सोता बनवलंय ते. तुझ्यापरीस त्याला जास्त ठावं हाय."

इथपर्यंत चूक होती. पुढचं चूक नाही.

अकरा जुलैला दुसऱ्या एका तळाच्या यादीत मला खूण सरकलेली दिसली. नंबर काढून मी प्रत्येक ओळीला नाव, गाव आणि फोन मिळून ओळख दिली. दहा मिनिटांचं काम. पण आधी सरकलेल्या खुणा फाइलीत तशाच होत्या, त्या एकेक तपासायच्या होत्या. तुझी ओळ समोर होती, दादा. तेवढ्यात माझ्यासोबत खोलीत राहणारा राम खालून ओरडला, "चल बे, नदीला पानी आलंय लई, बघून यू." मी लॅपटॉप मिटला. पाणी बघितलं. भजी खाल्ली. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता सांगितलं तर कालच का नाही सांगितलं म्हणतील. तिसऱ्या दिवशी तेच. असे अकरा दिवस गेले आणि तुझी मेंढरं कोवळं गवत खाऊन आंत्रविषारानं मरून पडायला लागली. लस त्याचीच होती. त्या अकरा दिवसांत टोचली असती तर किती वाचली असती ते मला माहीत नाही. काही तरी वाचली असती.

मी तळावर आलो. खड्डा खणला, चुना टाकला. सदतीस. आई एकेकीच्या तोंडावरून हात फिरवत होती. मी तुला विचारलं, चार्जर आहे का. तेव्हा मला काही वाटत नव्हतं आणि अजूनही वाटत नाही. वाटायला पाहिजे, हे कळतं.

मग तू म्हणालास, "त्या बाईनं न टोचता खोटी नोंद केली. लिही तक्रार, तुझं अक्षर चांगलं हाय." मी लिहिली. बाईंचं नाव मीच लिहिलं, खाली रेघ मारून.

काल बाई ऑफिसात आल्या होत्या, आपली पिशवी न्यायला. चौकशी होईपर्यंत त्यांना घरी बसवलंय. मला म्हणाल्या, "सोमेश्वर, तुझ्या दादाच्या बिऱ्हाडाला मी त्या दिवशी हात लावला नाही. मग माझं नाव तिथं कसं आलं रे?" आरोप करत नव्हत्या. विचारत होत्या. मी म्हणालो, "बघतो, बाई."

येत्या सोमवारी चौकशी आहे. त्यात त्यांना कायमचं काढणार असं बोलतात. सरकलेल्या खुणांची जुनी फाइल मी पुसलेली नाही. ती घेऊन मी सोमवारी तिथं जाणार, तू आलास तरी आणि नाही आलास तरी. तक्रार मागं घेऊ नको. मेंढरं तुझी गेली आहेत. सोबत दुसरा कागद पाठवतोय. मजकूर तुझाच, फक्त बाईंच्या नावाच्या जागी माझं नाव आहे. पटलं तर सही कर.

वहिनीला सांग, ती खरं बोलत होती. हे मात्र आजच सांग.

तुझ्या मेंढरांची लस ज्याच्यामुळं राहिली, तो

सोमेश्वर म्हाळू देवकते